मीठ घातलं म्हणून सांगणारी अंबिका

"मीठ घातलं. एकडाव घातलं, आता न्हाई घालायचं. हां, डाळ शिजली... काय रं, टकामका काय बगतुयास?"

"मावशी, बोलतीयास कुनासंगं?"

"माज्यासंगं. दुसरं कोन हाय हितं?"

मुंबईत लालबागच्या चाळीत अंबिका तीस गड्यांची खानावळ चालवायची. सगळे गिरणीवाले, सगळे आमच्या साताऱ्याकडचे. मी नवीन. बाई हातानं करील ते तोंडानं सांगायची. येडी म्हणावं, तर हाताला चव अशी की गडी बोटं चाटायचे. मला राहवेना. रोज विचारायचो, रोज ती "गप जेव" म्हणायची. एका दुपारी तिच्यापुढं लसूण सोलायला बसलो, तेव्हा बोलली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर गोळीबार झाला त्या जानेवारीत तिचा नवरा गुणाजी मोर्चाला गेला, तो परतलाच नाही. कोण म्हणे पकडला, कोण म्हणे भायखळ्याला पडलेला बघितला. बाहेर संचारबंदी. गिरण्या बंद, तीस गडी चाळीतच अडकलेले, नि पोटं काय संपावर जात नाहीत.

"मग?"

"मग काय, चूल पेटवली. हात चालत हुतं, पन मी हितं न्हवतेच. भायखळ्याला मढी उलथीपालथी करून बगत हुते."

आमच्या मुलखात देवाला निवद दाखवल्याबिगर बाई आमटीचं बोट जिभेला लावत नाही. सगळं वासावर. तिसऱ्या दिवशी तिनं आमटीत तीनदा मीठ टाकलं, निवद दाखवला नि पंगत वाढली. गडी मुकाट जेवले. नवरा बेपत्ता असलेल्या बाईला कोण काय बोलणार? दगडू म्हणून एक आडदांड होता, त्यानं पाण्याचा तिसरा तांब्या रिता केला.

"वैनी, गुणाजी येईल तवा येईल, पर तवर आमाला मारताय व्हय? आमटी हाय का चौपाटीचं पानी?"

अंबिकानं पळीभर तोंडात घेतली नि थुंकली.

"देवाला बी तसलीच चारली की रं! मला हसूच फुटलं. तीन दिसांत पयल्यांदा. दुसरी आमटी टाकली नि म्हनलं, ह्या बयेचा भरवसा न्हाई, तोंडानं बोलत ऱ्हायलं पायजे. पानी वतलं. डाळ टाकली. बोलले का मी हितं, गप बसले का लगीच भायखळ्याला."

"भीती गेली त्यानं?"

"कुटं जातीया! आट दिस हुती. पन आमटी बरी झाली."

आठव्या दिवशी गुणाजी दारात. तुरुंगात होता. दाढी वाढलेली, डोक्यात उवा.

"मग रडलीस का गं, मावशी?"

"तसाच आत येत हुता. म्हनलं, आदी नळावर जा. त्यो नळावर गेला, तवा रडले. एक भाकरी करपली."

माझं समाधान होईना. "आता तर आलाय की त्यो. मग आजून का बोलतीस?"

अंबिकानं माझ्याकडं बघितलं, जणू मीच येडा.

"आज कुटं हाय त्यो, इचार की."

"कुटं हाय?"

"मोर्चाला. सकाळधरनं."

पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला. तिनं परात पुढं ओढली, पिठात कढत पाणी ओतलं.

"सरक तिकडं. गडी येतील."

नि ती पीठ मळायला लागली.