उघडा राहिलेला कंस

गंगाखेडच्या आमच्या कोडिंग क्लासात एक मुलगी माझ्या शेजारी बसते. तिच्या घरी मेंढरं आहेत. जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंस उघडला, की ती आधी तो बंद करते आणि मगच आतल्या ओळी थोड्या सरकवून लिहिते. काल कारखान्यावरच्या ऊसगाड्यांचे नंबर दाखवणारं माझं वेबपान काही केल्या चालेना. तेवढ्यात राणीसावरगावची बस लागली आणि ती पळाली. पण बसमध्ये चढलेली ती धापा टाकत परत आली की!

"तुझा कंस उघडा राहिलाय, जाता जाता दिसला मला!"

तिनं ओळी नीट लावल्या, तळाशी कंस टाकला आणि स्क्रीनवर सगळे नंबर झळकले! मी ओरडलोच, "चाललं! अगं, पण बस गेली तुझी!"

"जाऊ दे. मेंढवाडा उघडा टाकून झोप लागती व्हय मला?"