वन्स मोअर न देणारे मास्तर

मांडवात कुणी ‘वन्स मोअर’ ओरडलं की इतर बँडवाल्यांच्या अंगात वारं शिरतं. आमचे मास्तर मात्र शांतपणे ट्रम्पेटचं तोंड रुमालाने पुसायचे, ट्रम्पेट पेटीत ठेवायचे आणि पेटीचं झाकण लावायचे. दोन्ही खटके वाजेपर्यंत हा नकार आहे हेच कुणाला कळायचं नाही. मग नवरदेवाचा भाऊ नाहीतर मित्र तणतणत पुढे यायचा. मास्तर त्याला नमस्कार करून सांगायचे, “एकदाच हुती ती. वाजली. आता दुसरं कायबी सांगा, वाजवतो.”

सुप्याजवळच्या एका गावात त्यांचा बँड होता. अकरा माणसं, त्यांतली निम्मी एमआयडीसीत पाळीवर जाणारी. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, त्यांतल्या अर्ध्या उसवलेल्या. लग्नसराईत हीच माणसं कारखान्यातून सुट्टी मागून यायची आणि कोटाची बटणं लावत टेम्पोत चढायची. डीजे आला आणि हळूहळू बँडची लग्नं त्याच्याकडे गेली. मास्तरांचा राग त्यावर नव्हता. त्यांना लागली होती ती एकच गोष्ट. एका बैठकीत वरपक्षाकडचा एकजण सगळ्यांसमोर म्हणाला होता, “मास्तर, तुमच्यापरीस पेनड्राइव्ह बरा. जेवायला तर मागत न्हाई.” मास्तर उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “खरं हाय. पर त्याला तुमच्या सुनंचं नावबी ठाऊक न्हाई.” आणि सुपारी परत ठेवून निघून आले.

मी नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. मला वाटलं, क्वांटम संगणकाविषयी मराठीतून, कुणालाही येता येईल असा शनिवारचा वर्ग घ्यावा. स्टाफरूममध्ये सगळे गालातल्या गालात हसले. वर्गाला पाच माणसं आली. त्यांतलं पाचवं माणूस लाल कोटात होतं, कारण ते तिथून थेट वरातीला जाणार होतं. शेवटच्या बाकावर ट्रम्पेटची पेटी मांडीवर घेऊन मास्तर बसले आणि तास संपताच उठून वरातीला गेले. मला वाटलं, उन्हातून सावलीला आले असतील. माझी ही समजूत आठवली की आजही मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी हात वर केला. “मॅडम, मोजल्यावर मागचं परत येत न्हाई, हे खरं का?”

“खरं. मोजायच्या आधी क्यूबिट, म्हणजे या संगणकाचा सगळ्यात लहान घटक, शून्यही नसतो आणि एकही नसतो, दोन्हींच्या मधोमध असतो. मोजलं की काहीतरी एक होतो. मग आधीचं गेलं.”

“कायमचं?”

“कायमचं. पुन्हा मांडलं, पुन्हा मोजलं, तर वेगळंच काही येऊ शकेल.”

मास्तरांनी खिशातून नोटेशनची वही काढली आणि त्यात ते लिहून घेतलं. वर्षानुवर्षं हरवलेली वस्तू शेजाऱ्याच्या घरात सापडावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढचं सगळं त्यांच्याच डोक्यातलं. मी फक्त कीबोर्डवर बोटं चालवली आणि इंटरनेटवरून परदेशातल्या एका खऱ्या क्वांटम संगणकाला काम पाठवलं, जिथे जगभरातल्यांची रांग असते. तीन क्यूबिट घेतले की आठ शक्यता होतात, सा पासून वरच्या सा पर्यंत. एकदा मोजलं की एक सूर. असे चौसष्ट सूर ओळीने मांडले की एक चाल. सा आणि प जरा जास्त यावेत म्हणून आम्ही थोडा कल दिला होता, तेवढीच आमची लुडबुड. ढोल-ताशे नेहमीचे. “ठेका आपला, सूर त्याचा,” असं ते म्हणायचे. क्लॅरिनेटसाठी आणखी तीन क्यूबिट, ट्रम्पेटच्या तिघांना जोडलेले. दोघांचाही सूर आधी ठरलेला नसतो, पण मोजल्यावर दोघांचा एकच निघतो. यंत्र अजून कच्चं असल्यामुळे मधूनच जोडी फिसकटायची आणि ट्रम्पेट म वर असताना क्लॅरिनेट ध वर जायचं. मी ते दुरुस्त करू पाहिलं, तर मास्तरांनी माझा हात अडवला. “राहू द्या. लग्नाचीच चाल हाय. संसारात एवढं चालायचंच.”

प्रत्येक लग्नाला नवी चाल, हा त्यांचा नेम. लग्नाआधी ते नवरीच्या घरी जायचे आणि तिला सांगायचे, “पोरी, एक सूर धर. कुठलाबी.” घरात आत्या-मावश्या खुदखुदायच्या, काका कुरकुरायचे. लग्नात नवरीला कुणी काही विचारतं का? साडीचा रंगसुद्धा चुलती ठरवते. ती बिचारी लाजत हूं करायची आणि तो तिचा सूर म्हणजे सा, त्यावर सगळी चाल. माळा पडताना ती वाजायची, आणि मग चालीचा कागद मास्तर नवरीच्या हातात द्यायचे. “ही तुजी. तू म्हनशील तवा वाजंल, दुसऱ्या कुनासाठी न्हाई.”

मी एकदा त्यांच्याशी वाद घातला. बाई आणि त्यातून शिक्षिका, मला गप्प बसवत नाही. म्हटलं, “मास्तर, एवढ्या लांबच्या यंत्रापुढे कशाला रांग लावायची? फासे टाका. तेही बेभरवशाचेच.”

“दोन फासे दोन खोल्यांत टाका मॅडम, आन दरवेळी एकच दान पाडून दाखवा.”

“त्यात काय? आधीच दोन चिठ्ठ्यांवर एकच आकडा लिहून ठेवायचा. एक या खोलीत, एक त्या खोलीत.”

मास्तर हसले. “आधी लिहून ठिवलं म्हंजे पेनड्राइव्हच की.”

सूर आधीच लिहून ठेवलेला असतो की मोजल्यावरच ठरतो, हा प्रश्न थोरामोठ्या शास्त्रज्ञांना किती छळून गेला हे मला माहीत होतं, आणि बारावीला दोनदा नापास झालेल्या माणसाने तो सुप्याच्या एसटी स्टँडवर चहा पिता पिता सोडवल्यासारखा केला होता. मी त्यांना सुचवलं की लॅपटॉपवर नकली यंत्र चालवता येतं, रांगही नाही आणि चूकही नाही. ते म्हणाले, “नाटकातल्या लग्नात वाजवायचं असंल तर चालंल.” खऱ्या यंत्राची रांग कधी कधी तासन्‌तास हलायची नाही. मास्तर खुर्चीत बसून राहायचे. “रेशनच्या दुकानापुढं उभा राहिल्याला मानूस हाय मी.”

चाल वाईट आली तर? हा प्रश्न येणारच होता, आणि तो आला एका माजी सरपंचाच्या भाचीच्या लग्नात. सलग सात वेळा नि, मग एकदम खाली रे. तालमीतच क्लॅरिनेटवाला दत्तू रडकुंडीला आला होता. माळांच्या आधी बँड सूर घोटत होता, तो ऐकून मामा मांडवाबाहेर येऊन गरजले, “हे काय वाजवताय? दुसरी काढा!”

“आली ती आली,” मास्तर म्हणाले.

“मी सांगतो म्हणून काढा!”

“मामा, पत्रिका जुळंना तवा तुमी गुरुजी बदलला, आख्ख्या गावाला म्हाईत हाय. ह्यो गुरुजी लई लांब हाय. त्यो कुनाचं ऐकत न्हाई.”

बँड जेवण न करता परतला. पण माळा पडताना चाल तीच वाजली, सातही नि सकट. टेम्पोत दत्तू म्हणाला, “मास्तर, जरा एखादा सूर बदलला असता तर काय बिघडत हुतं?” मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले, “एक बदलला की समदी आपली झाली. मग त्या पोरीची काय राह्यली?”

आता माझ्या चुकीविषयी लिहायलाच हवं. सोनईच्या वैशालीच्या लग्नातली चाल फार सुंदर आली होती. इतकी सुंदर, की मला मोह आवरला नाही. मी मोबाईल पदराआड धरून ती टिपली. पुढे पुण्याला एका परिषदेत आमच्या कामाविषयी बोलायचं होतं, तिथे ती ऐकवली. टाळ्या पडल्या, मी फुगले. कुणीतरी माझ्या नकळत ती इंटरनेटवर टाकली. आणि एका संध्याकाळी मास्तर पारनेरच्या बाजूला एका परण्यात वाजवत होते. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालेला, आणि समोरून दुसऱ्या लग्नाचा डीजे आला. त्याच्या भोंग्यातून वैशालीची चाल, मागे दणदणणारा ठेका लावून.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दारातच उभे राहिले. “मॅडम, ती त्या पोरीची हुती. मी तिला शब्द दिला हुता.” मी माफी मागितली, संयोजकांना फोन करून ती इंटरनेटवरून काढायला लावली. मास्तर स्वतः त्या डीजेवाल्याकडे गेले, त्याच्यासमोर उभं राहून त्याच्याकडची पुसायला लावली. आणि मग एसटीने सोनईला जाऊन वैशालीपुढे हात जोडले. ती पोर काय म्हणाली ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. “मास्तर, कागद माज्याकडं हाय ना? मग त्यांच्याकडं नुसता आवाज हाय.”

दोन शनिवार गेले, तिसऱ्या शनिवारी मास्तर पुन्हा शेवटच्या बाकावर दिसले. तास संपल्यावर जवळ आले आणि एवढंच विचारलं, “तुमच्या मोबाईलमधली पुसली?”

“पुसली,” मी म्हणाले.

पुसली नव्हती. पुसवत नव्हतं. कधी मन उदास झालं की मी ती ऐकायची. मी त्या माणसाशी धडधडीत खोटं बोलले, आणि त्यांनी मात्र त्या एका शब्दावर मला सगळं माफ करून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. तालमीत छातीत कळ आली आणि नगरला पोहोचायच्या आतच सगळं संपलं. दशक्रियेला नदीकाठी ही गर्दी. फोटोला हार, शेजारी उघडी पेटी, पेटीत ट्रम्पेट. तो डीजेवाला दोन मोठे भोंगे घेऊन हजर होता, आपण होऊन. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, मास्तरांची चाल लावू. माज्याकडची त्यांनी पुसायला लावली, मी पुसली. तुमच्याकडं तरी असंल.”

त्याने शब्द पाळला होता. मी नाही.

दत्तू, गावकरी, सगळेच आग्रह करू लागले. मास्तरांचा आवाज जगात आता तेवढ्याच ठिकाणी उरला होता, माझ्या पर्समध्ये. मला रडू कोसळलं. मी मास्तरांच्या बायकोकडे, काकूंकडे गेले आणि खरं सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत राग नव्हता, पण दयामायाही नव्हती. “मग आता पुसा. त्यांच्यासमोर.”

मी फोटोसमोर उभी राहिले आणि पुसली.

“आन नवी काढा,” काकू म्हणाल्या. “आज त्यांची हाय.”

दत्तू पुढे आला, लाल कोटात. खाली मान घालून म्हणाला, “काकू, सूर द्या.” चाळीस वर्षं त्या घरात तालमी झाल्या, अलीकडे कितीतरी नवरींना सूर विचारला गेला, पण काकूंचं स्वतःचं लग्न या सगळ्याआधीचं. त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले आणि बारीक आवाजात एक सूर धरला. दत्तूने तो क्लॅरिनेटवर घेतला.

मी तिथेच चटईवर लॅपटॉप उघडून काम पाठवलं. रांग होती. पुढाऱ्यांची भाषणं लांबत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा उपयोग वाटला. शेवटचा पुढारी मास्तरांना ‘कलेचा सच्चा सेवक’ म्हणत असतानाच चाल आली. मी दोन्ही ओळी कागदावर उतरवल्या, वर ट्रम्पेट, खाली क्लॅरिनेट. चाल वाईट होती. धड सुरुवात नाही, मध्ये ग पाच वेळा, शेवट तर कुठेच पोहोचत नव्हता. दत्तूने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

“आली ती आली,” मी म्हणाले.

ढोलाने ठेका धरला आणि दत्तूने फक्त खालची ओळ वाजवली. वरची ओळ वाजवायला कुणी नव्हतं आणि कुणी ती मागितलीही नाही. पण क्लॅरिनेट सा वर आलं की ट्रम्पेटलाही सा च आला आहे, हे मला न ऐकता कळत होतं. दोन-तीन ठिकाणी जोडी फिसकटली होती, ते कागदावर मला दिसत होतं, आणि त्या ठिकाणी मला हसू येत होतं, रडता रडता. तो बेढब, कुठेच न पोहोचणारा सूर नदीवरून पलीकडच्या मळ्यापर्यंत गेला.

शेवटचा ग थांबला. मी कागद काकूंच्या हातात दिला. मागच्या गर्दीतून कुणीतरी, बहुधा डीजेवालाच, ओरडला, “परत एकदा!”

काकू उठल्या. त्यांनी पदराने ट्रम्पेटचं तोंड पुसलं, पेटीचं झाकण लावलं आणि दोन्ही खटके दाबले.