बापूंचा टोपीसकट फोटो

माझे थोरले चुलते गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात एक धड फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. जन्मात कधी टोपीशिवाय ओसरीवर न आलेला माणूस, आणि फोटोत टक्कल उघडं, डोळे वटारलेले. तेराव्याला आलेली माणसं हात जोडायच्या आधी दचकायची.

परतताना एसटीत आईनं मला ऐकवलं, "तुझ्या बापाचाबी असलाच हाय एक. मला त्यांचा हसताना पायजे, टोपीसकट. आन् मीच काढनार."

मी माझा फोन तिच्या हातात दिला. पण खुरपं धरून धरून तिचा अंगठा इतका रखरखीत झालाय की फोनच्या काचेला तो कळतच नाही. आई दाबतेय, फोन ढिम्म. ह्याला बटन का नाय, असं तिनं विचारलं. कॅमेरा घ्यायचा ठरलं ते असं.

मी वाळूजच्या कंपनीत तपासणी विभागात. त्यामुळं कुठलीही वस्तू चिरफाड केल्याशिवाय घ्यायची नाही, ही खोड. आठ दिवस मेगापिक्सेल आणि झूम वाचून काढलं, बजाजनगरच्या चहाच्या टपरीवर लोकांना शिकवलंसुद्धा. गुलमंडीवरच्या दुकानात गेल्यावर मी एवढा बोललो की दुकानदारानं मुकाट्यानं सगळ्यात भारी काळा कॅमेरा काढला. आईनं बटण दाबलं, भिंग घर्रकन बाहेर आलं, तशी तिनं तो काउंटरवर ठेवून हात पदराला पुसले. हे काय इमान चालवायचंय का, म्हणाली.

मग तिचं बोट खालच्या काचेकडं गेलं. गुलाबी रबरी कॅमेरा, वर सशाचे दोन कान, आणि रुपयाएवढं एकच बटण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते लेकरांचं असतं म्हणून मी कानात सांगतोय, तोवर तिनं फोटो काढलासुद्धा. दुकानदार खूश. "बच्चा कितने साल का है, साहब?"

सत्तरीला आलाय, म्हटलं, बांधा.

घरी वेगळीच तऱ्हा. बापूंच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, लेखी फोटो म्हणजे सरकारी काम. कधीतरी कुठल्याशा खिडकीवर कुणीतरी त्यांना टोपी काढा म्हणून खेकसलं होतं. तेव्हापासून कॅमेरा वर झाला की त्यांची टोपी खाली. हनुवटी वर, श्वास बंद, आणि वर विचारायचे, "झाला का?" आईनं दाराआडून नेम धरला, पण ते खेळणं फोटो काढायच्या आधी टिंगटिंग वाजायचं. ते ऐकून बापू जेवतानासुद्धा हातात भाकरी घेऊन ताठ व्हायचे.

मी वैतागून म्हटलं, स्टुडिओत नेऊ, सोड हा नाद. आई तडकलीच. "उद्या त्यांचं काय झालं, तर मी त्या टकल्याकडं बघत दिवस काढू व्हय?" तिचे डोळे भरले. स्टुडिओचं नाव मी परत काढलं नाही.

एका दुपारी बापूच कावले. कॅमेरा तिच्या हातातून ओढून घेतला आणि बस हितं, तुझाच काढतो, म्हणाले. झालं. आईनं चष्मा काढला, पदर ओढला, हनुवटी वर केली आणि श्वास रोखून बसली. ते ध्यान बघून बापूंना असं हसू फुटलं की थांबेचना. हसता हसता बटण दाबत राहिले.

बघितलं तर फोटोत आई नव्हतीच. धरणाऱ्याकडं बघणारं आणखी एक भिंग पाठीमागं असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. झटापटीत बटण दाबून धरलं गेलं आणि तेच चालू झालं होतं. बापूंचं भलंमोठं नाक, उरलेले दोन दात, आणि कानावर कललेली टोपी.

नीट काढतो दुसरा, म्हणालो, तर आईनं कॅमेरा पदराखाली घेतला. फोटो मोठा करून आणायला लावला. मला वाटलं, ट्रंकेत जपून ठेवील. तिनं त्याच दिवशी खिळा ठोकला. जित्या माणसाला भिंतीवर टांगतात का, म्हणून बापू कुरकुरले. हार घालत नाय, भिऊ नका, असं तिनं सांगितलं.

आता नवा पाहुणा आला की भिंतीकडं बघतो, आवाज खाली आणतो, चेहरा पाडून आईसमोर बसतो. आई त्याला काही सांगत बसत नाही. आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारते, "अवो, च्या झालाय, या."