टाकीला दिलेली हाक

दुधाच्या कारखान्यातल्या आत्या आयुष्यभर टाकीत उतरून ती घासत आल्या. "घरी माझं कोणी ऐकत नाही, टाकी निदान ओ देते," असे म्हणत त्या आत मोठ्याने बोलत असत. आता गुडघे थकले होते आणि त्यांच्या जागी सून रुजू होणार होती. त्याच सुमारास टाकी धुणारे यंत्र निवडायचे ठरले.

व्यवस्थापकांना साधा, स्थिर फवारा पसंत होता. "ढवळणाऱ्या पात्याखाली त्याचं पाणी पोचत नाही, तेवढं हाताने पुसलं की झालं."

"पुसायला उतरणार माझी सूनच ना? फिरणारा फवारा घ्या, साहेब. तिचे गुडघे तरी राहू द्या."

"सुनेची बाजू घेणारी सासू!"

"घरी नाही हो घेत."

श्रमाचा वारसा देताना त्यातली पीडा वगळण्याचा अधिकार कष्टकऱ्याला क्वचितच मिळतो. आत्यांनी तो मागून घेतला.

फिरणारा फवारा बसला. पहिली धुलाई आटोपल्यावर आत्यांनी झाकण उघडून आत डोके घातले, वास घेतला आणि सवयीने हाक मारली. टाकीने ओ देण्याआधी मागे उभ्या असलेल्या सुनेनेच उत्तर दिले, "ओ, आई!"