पान न हलता

लग्न झाल्यापासून मी सासऱ्यांशी एकच वाक्य बोलत आलो आहे : "हो मामा."

मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, कराडजवळच्या गावी माजी सैनिकांच्या संस्थेचे अध्यक्ष. शिरवळच्या कंपनीतली नोकरी सोडून मी सांगलीत घरी बसून वेबसाइट बनवायला लागलो. मामांच्या मते मी नुसताच घरी बसलो होतो. शेवटी बायकोनं हट्ट करून संस्थेची वेबसाइट माझ्याकडं आणली.

"ह्येबी जमलं न्हाई, तर गुमान शिरवळला जायाचं," मामा म्हणाले.

"हो मामा."

काम मन लावून केलं. पासवर्ड चुकला तरी पान हलणार नाही, पुन्हा उघडावं लागणार नाही, चूक जागच्या जागी लाल अक्षरांत दिसेल! तपासताना मीच मामांच्या खात्यात मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकत होतो. खोलीत एकटाच, त्यामुळं लाल अक्षरांतली वाक्यं जरा मोकळेपणानं लिहिली गेली. (नंतर बदलायची होती. घात केला तो या 'नंतर'नं!)

उद्घाटनाला सभागृह भरलेलं, समोर मोठा पडदा. मामांनी फेटा सावरला आणि एका बोटानं पासवर्ड टाकला. चुकला. पडद्यावर उमटलं :

'मामा, चष्मा लावा.'

लोक हसले. मामांना यंत्राचं कौतुक वाटलं. त्यांनी खरंच चष्मा लावला! पुन्हा चुकला.

'एवढंबी येत न्हाई व्हय?'

आता कुणी हसेना. बायको कुजबुजली, "आवं, ह्ये कुणी लिवलं?"

"आपोआप येतं."

"आपोआप 'व्हय' येतं?"

तिसरं वाक्य काय आहे, हे फक्त मला माहीत होतं. मी धावलो. "मामा, थांबा, पान पुन्हा उघडतो..."

"उघडायला लागत न्हाई म्हणून तुमीच सांगितलं न्हवं? बसा खाली!"

"हो मामा."

'लय झालं मामा. कवातरी जावयाचंबी ऐका!'

चौथ्या खेपेला पासवर्ड बरोबर पडला, सभासदांची यादी उघडली. पण बरोबर पडल्यावर जुनी लाल ओळ पुसायची, हे मी लिहायलाच विसरलो होतो. आणि पान तर हलत नव्हतं! अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत ती ओळ त्यांच्या फेट्यावर तशीच झळकत राहिली.

भाषण आटोपून मामा माझ्याकडं आले. मी मनातल्या मनात शिरवळची एसटी पकडली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "बोलता येतंय की तुमाला!" आणि गेले.

घरी येताच सगळं पुसून मी तिथं 'पासवर्ड चुकीचा आहे' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन.

"पाव्हणं, रागावलायसा व्हय? सकाळधरनं मुद्दाम चुकीचा टाकतोय, तर काय बोलतच न्हाईसा!"

तेव्हापासून मामांसाठी रोज एक नवी लाल ओळ लिहून ठेवतो. परवा धीर करून खरं ते लिहून टाकलं : 'मामा, शिरवळची नोकरी मी सोडली नव्हती. त्यांनी काढलं.'

दिवसभर फोनकडं बघत बसलो. संध्याकाळी वाजला.

"पाव्हणं, आज चुकून बरोबर पडला की वो! तुमचं वाचायचं राह्यलं. उद्याच्याला नवीन कायतरी लिवा."

"हो मामा."