चालता सर्व्हर थांबवणारी

ग्रंथालयाच्या काउंटरवरच्या काकांनी नव्यानं कामाला लागलेल्या मुलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती संगणकासमोर नखं कुरतडत बसली होती. पुस्तकं शोधून देणारा तिथला सर्व्हर म्हणजे एक प्रोग्राम, फुकट मिळणारा, कुणीही सुधारावा असा होता. कधीकधी असलेलं पुस्तकही तो नाही म्हणायचा. ती चूक शोधून, सर्व्हर बनवणाऱ्या मंडळींकडे आपली पहिली दुरुस्ती पाठवायची, हे तिनं मनावर घेतलं होतं.

त्यासाठी चालता प्रोग्राम त्याच्या एका ओळीवर थांबवून आत डोकावावं लागतं. तिनं थांबवला, पण सरावाच्या प्रतीऐवजी ग्रंथालयाचा खरा सर्व्हरच. बघता बघता काउंटरवर रांग लागली.

"अगं पोरी, सगळे खोळंबलेत! काय केलंस?"

"काका, माझ्याच हातून थांबलाय. पण चूक आत्ता समोर दिसतेय हो. पुढे चालू दिला तर पुन्हा सापडेल की नाही, देव जाणे."

"मग साहेबांना काय सांगू? सर्व्हर विचारात पडलाय?"

तिला हसू आलं नाही. पडद्यावरचं जमेल तेवढं तिनं घाईघाईनं वहीत उतरवलं, अर्धं राहून गेलं, आणि सर्व्हर पुढे चालू दिला. मग ग्रंथपाल साहेबांकडे जाऊन तिनं स्वतःच सगळं कबूल केलं. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त सर्व्हरला हात लावायची तिची परवानगी त्याच दुपारी काढून घेतली.

आता ती दिवसभर पुस्तकांवर क्रमांक चिकटवते आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या संगणकावर त्याच प्रोग्रामची प्रत चालवून तीच चूक शोधते. अजून सापडलेली नाही.