रेखाने काहीच गाळलं नाही

रेखा माझी मैत्रीण. तिच्यावर अन्याय झाला की माझंच डोकं फिरतं, त्यामुळे हे काही तटस्थपणे लिहिलेलं नाही.

पुण्यात जपानीच्या सगळ्या परीक्षा देऊन ती लग्नानंतर मँचेस्टरला आली आणि दुभाषी झाली. तिचं दैवत एकच, जपानी चित्रपट दिग्दर्शक मिनेगिशी. पहिल्या चित्रपटावर बंदी आली, दुसऱ्यासाठी त्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तिसऱ्याला प्रेक्षक शिव्या देत उठून गेले. आता ऐंशीव्या वर्षी तेच लोक त्याचे सत्कार करतात. म्हातारा अजूनही कुणाला भीक घालत नाही.

त्याच्या तीस मुलाखती रेखाने चार वर्षं खपून इंग्रजीत आणल्या, प्राध्यापक माधव सबनीसांच्या पुस्तकासाठी. "आपल्या-आपल्यात कसलं अ‍ॅग्रीमेंट, रेखा?" असं ते आमच्याकडच्या गणपतीत मोदक खाताना म्हणाले होते. पुस्तक आलं. वर छापलेलं, 'मूळ जपानीवरून अनुवाद : माधव सबनीस'. या गृहस्थांना जपानीत पाणीसुद्धा मागता येत नाही. रेखाचं नाव आभाराच्या पानावरही नव्हतं. तिला सूड हवा होता, आणि मी तिला रोज फूस लावत होते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मिनेगिशी मँचेस्टरला आला. मंचावर प्रश्न विचारायला सबनीस. दुभाषी म्हणून त्यांनी रेखालाच बोलावलं, कारण ती कधी उलटून बोलत नाही असा त्यांचा समज.

म्हाताऱ्याने पुस्तक चाळत सबनीसांना जपानीत काहीतरी विचारलं. ते नुसतेच हसले. मग तो रेखाकडे वळून पुटपुटला. असलं पुटपुटणं दुभाषी गाळतात. रेखाने माइक जवळ ओढला आणि इंग्रजीत सांगितलं, "मिस्टर मिनेगिशी विचारतायत, यांना जपानी येत नाही, मग माझ्या मुलाखती यांनी ट्रान्सलेट कशा केल्या?"

सबनीस झुकून मराठीत कुजबुजले, "रेखा, सांभाळून घे ना. तुझ्या नावाचं मी नेक्स्ट एडिशनमध्ये बघतो."

इथे मराठी कुणाला कळणार, असं त्यांना वाटलं असावं. रेखाने ते आधी जपानीत सांगितलं, मग इंग्रजीत, शब्दाला शब्द. सबनीस पांढरेफटक पडले. मला इतकं बरं वाटलं की त्याची लाजही वाटली नाही.

मिनेगिशीने तिला काहीतरी विचारलं. तो प्रश्नही तिने नेमाने इंग्रजीत सांगितला, "तुमचं नाव काय?" मग माइकमध्येच उत्तर दिलं, "रेखा दाबके." आणि पहिल्या रांगेतल्या पत्रकारासाठी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.